उमेदवार कोणाचा?

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीची शर्यत २०२४ च्या जानेवारीत सुरू झाली, तेव्हा आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाने ती ज्या आस्थेने पाहिली, तिचे कौतुकच केले पाहिजे. १५ जानेवारीस आयोवात कोणाची सरशी झाली, २३ जानेवारीस न्यू हॅम्पशायरच्या मतदारांनी काय कौल दिला, याची खडान्‌खडा माहिती अनेकांना होती. न्यू हॅम्पशायरमधील डिक्सव्हिल नॉच या चिमुकल्या वस्तीत मध्यरात्री अवघी सहा मते पडली आणि ती सहाही निकी हॅले यांना मिळाली, हा तपशीलही सकाळच्या चहाबरोबर घरोघर चघळला गेला. दूरच्या एका लोकशाहीत सामान्य नागरिक आपल्या पक्षाच्या उमेदवारांना कसा पारखतो, याविषयी कुतूहल असणे हे जागृत मनाचे लक्षण आहे.

परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. त्या वेळी दापोली मतदारसंघातील उमेदवार कोणी निवडले, कोठे बसून निवडले, किती जणांच्या संमतीने निवडले, असा प्रश्न याच जाणकार वाचकाला केला असता, तर त्याला काय उत्तर देता आले असते? फार तर एखाद्या नेत्याचे किंवा मुंबईतल्या एखाद्या बंगल्याचे नाव त्याने सांगितले असते. डिक्सव्हिल नॉचच्या सहा मतदारांचे मत त्याला ठाऊक होते. दाभोळच्या मतदाराला मत विचारलेच गेले नव्हते, तेव्हा ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

दाभोळचेच नाव आम्ही का घेतो, याला कारण आहे. वाशिष्ठीच्या मुखावरचे हे बंदर आदिलशाहीच्या काळी दूरदेशींच्या व्यापाऱ्यांना परिचित होते. आज ते दापोली तालुक्यातील एक गाव आहे. खाडीच्या या तीराला दापोलीचा आमदार आणि फेरीबोटीने पलीकडे धोपाव्यास उतरले की गुहागरचा. जिल्हा रत्नागिरी, परंतु मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, म्हणजे २००९ पासून, लोकसभेला मत द्यायचे ते रायगड मतदारसंघात. जिल्हाधिकारी एकीकडचा आणि खासदार दुसरीकडचा, अशा या गावातील माणसाने गेल्या काही निवडणुकांत मतपत्रिकेवर काय काय पाहिले, हे एकदा सलग मांडून पाहण्यासारखे आहे.

२००९ साली प्रथम मतदान केलेला असा एक मतदार मनाशी धरू. तो कोळीवाड्यातला असो, मोहल्ल्यातला असो, की आंब्याची चार झाडे सांभाळून बसलेला असो. पहिल्या खेपेस त्याच्यासमोर लोकसभेसाठी शिवसेनेचे अनंत गीते आणि काँग्रेसचे बॅ. अंतुले असे दोन मातब्बर होते. एक केंद्रात मंत्री राहिलेला, दुसरा राज्याचा माजी मुख्यमंत्री. गीते निवडून आले. २०१४ साली गीते यांच्यासमोर राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे उभे राहिले आणि यादीत आणखी एक सुनील तटकरे दिसू लागले. हे दुसरे तटकरे अपक्ष होते. मोजणी झाली तेव्हा गीते २,११० मतांनी विजयी झाले होते आणि अपक्ष तटकऱ्यांच्या पदरात ९,८४९ मते पडली होती! असे नामसाधर्म्य निवडणुकीच्या हंगामात कसे उगवते, याविषयी आम्ही कोणावर आरोप करीत नाही. या नऊ हजारांपैकी कितीजणांनी जाणूनबुजून मत दिले आणि कितीजणांचे बोट चुकले, हे कोणालाही सांगता येणार नाही. पुढे २०१५ साली निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापण्याचा आदेश काढला, तो नामसाधर्म्याच्या अशाच प्रकारांमुळे. म्हणजे माणूस कोणता, एवढे ओळखण्यासाठी तरी मतदाराला साहाय्य मिळाले.

२०१९ साली पुन्हा तेच दोघे. या वेळी तटकरे ३१,४३८ मतांनी जिंकले. २०२४ साली तिसऱ्यांदा तेच दोघे, आणि तटकरे ८२,७८४ मतांनी विजयी. व्यक्ती त्याच, पण दरम्यान त्यांच्याभोवतीचे सगळे निशाण उलटेपालटे झाले होते. २०१९ मध्ये गीते यांच्या बाजूला भारतीय जनता पक्ष होता आणि तटकऱ्यांच्या बाजूला काँग्रेस. २०२४ मध्ये काँग्रेस गीत्यांच्या बाजूला आली आणि भारतीय जनता पक्ष तटकऱ्यांच्या. पाच वर्षांपूर्वी ज्याच्याविरुद्ध घरोघर हिंडला, त्याच्याचसाठी कार्यकर्त्याने आता हिंडायचे, असा हा हुकूम. कार्यकर्ते हिंडलेही. मतदाराने काय करायचे होते? तो २०१९ मध्ये ज्या कारणासाठी एका बाजूला गेला होता, ते कारणच दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले होते.

विधानसभेची कथा याहून वेगळी नाही. १९९० पासून २००९ पर्यंत सलग पाच वेळा दापोलीने शिवसेनेच्या सूर्यकांत दळवी यांना निवडून दिले. २०१४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या संजय कदमांना, २०१९ मध्ये शिवसेनेच्या योगेश कदमांना. २०२४ साली हेच दोन कदम पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा दोघेही शिवसेनेचेच होते. एक धनुष्यबाणाचा, दुसरा मशालीचा. जिंकला धनुष्यबाण. एका सेनेला दोन चिन्हे कशी फुटली, त्याचा निवाडा निवडणूक आयोगात झाला आणि वाद पुढे न्यायालयात गेला. ज्यांच्या मतांवर या साऱ्या इमारती उभ्या आहेत, त्यांना त्या वादात पक्षकार म्हणूनही स्थान नव्हते.

यावरून कोकणचा मतदार निशाणापुढे डोळे मिटून मत देणारा आहे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. खाडीपलीकडे पाहा. भास्कर जाधव १९९५ व १९९९ मध्ये चिपळुणातून शिवसेनेचे आमदार झाले. २००४ मध्ये उमेदवारी नाकारली गेली म्हणून अपक्ष उभे राहिले व हरले. २००९ आणि २०१४ मध्ये गुहागरातून राष्ट्रवादीचे आमदार, २०१९ मध्ये पुन्हा शिवसेनेचे, २०२४ मध्ये फुटलेल्या सेनेतील ठाकरे गटाचे. पक्ष बदलले, गुहागरने माणूस बदलला नाही. या पक्षांतरांची आम्ही भलामण करीत नाही. एवढेच म्हणतो, की मतदार माणूस ओळखतो आणि ओळखून मत देतो. त्याहून मागे जावयाचे तर १९५७ चे उदाहरण आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने सारे मराठी मन पेटलेले असताना रत्नागिरीने लोकसभेवर पाठविले ते जनसंघाच्या प्रेमजीभाई आसर यांना. नावावरून माणसाची जात-भाषा हुंगणाऱ्यांनी या निकालाचा विचार करावा. त्याच निवडणुकीत शेजारच्या राजापूरने बॅ. नाथ पै यांना निवडले. या जिल्ह्याच्या पारखीबद्दल शंका घेण्यास जागा नाही. त्या पारखीला संधी कोणत्या टप्प्यावर मिळते, हा खरा प्रश्न आहे.

ती मिळते ती शेवटी. उमेदवारी अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी, दुपारी ३ च्या आत, पक्षाच्या अधिकृत सहीचा ए-बी फॉर्म ज्याच्या हाती पडला तो उमेदवार, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. हा एक कागदच आपल्या लोकशाहीतील सर्वांत प्रभावी मतपत्र होय आणि ते टाकण्याचा अधिकार प्रत्येक पक्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना आहे. लाखो मतदार मग त्या निवडीवर शिक्कामोर्तब करतात किंवा तिचा राग दुसऱ्या कोणाला तरी मत देऊन काढतात. गुहागरने २००९ मध्ये तो तसा काढला. विद्यमान आमदार विनय नातू भारतीय जनता पक्षाचे. पण खेड मतदारसंघ पुनर्रचनेत नाहीसा झाल्यामुळे तेथील आमदार व तत्कालीन विरोधी पक्षनेते रामदास कदम यांच्यासाठी युतीने गुहागरची जागा शिवसेनेला सोडली. नातू अपक्ष उभे राहिले. मते फुटली, आणि जागा ना नातूंना मिळाली ना कदमांना. जी गोष्ट गुहागरात दोनशे माणसांची सभा घेऊन आधीच कळली असती, ती कळण्यासाठी युतीला एक जागा गमवावी लागली.

अमेरिकेतील प्रायमरी म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. पक्षाचा उमेदवार कोण असावा, याचा कौल त्या पक्षाचे सामान्य मतदार आधी देतात. निवडणूक बहुतेक राज्यांत सरकारी यंत्रणाच घेते. ही रीत तेथेही आकाशातून पडलेली नाही. १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमरी जिंकल्या आणि तरीही पक्षधुरीणांनी उमेदवारी टॅफ्ट यांच्या गळ्यात घातली. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढविता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळविली. त्या अधिवेशनाच्या वेळी शिकागोच्या रस्त्यांवर काय घडले, हे जगाने पाहिले. त्यानंतर नियम बदलले आणि १९७२ पासून प्रायमरीला खरे वजन आले. पक्षाच्या पुढाऱ्यांनी हा अधिकार आपणहून सोडला नाही. तो त्यांच्या हातून सोडवून घ्यावा लागला.

याच प्रायमरीचा आणि दाभोळचा एक संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १ फेब्रुवारी २००० रोजी न्यू हॅम्पशायरमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या मतदारांनी जॉर्ज बुश यांना बाजूला सारून जॉन मॅकेन यांना मोठ्या फरकाने कौल दिला. निवडणुकीतील थैलीशाहीला आळा घाला, हा मॅकेन यांच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता. बुश यांच्या राजकीय जीवनातील मोठ्या देणगीदारांत एन्रॉन ही कंपनी आणि तिचे प्रमुख केनेथ ले यांची गणना होत असे. आणि त्या वेळी याच एन्रॉनचा, दाभोळचे नाव धारण करणारा वीजप्रकल्प, खाडीच्या पलीकडे अंजनवेलच्या माथ्यावर वीज निर्माण करीत होता. मॅकेन यांना अखेर उमेदवारी मिळाली नाही. मोठी थैली जिंकली. परंतु डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली, सारा अमेरिकी समाज हादरला, आणि मार्च २००२ मध्ये मॅकेन यांनी पुरस्कारलेल्या, निवडणूक-निधीला लगाम घालणाऱ्या कायद्यावर खुद्द बुश यांना सही करावी लागली. न्यू हॅम्पशायरच्या मतदाराला आपले म्हणणे स्वतःच्याच पक्षाला, वेळेवर, मताच्या रूपाने सांगण्याची एक जागा होती. हरलेल्या उमेदवाराबरोबर ते म्हणणे पुसले गेले नाही.

आता तीच कंपनी ज्यांच्या दारात आली होती त्यांच्याकडे वळू. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत एन्रॉनला अरबी समुद्रात बुडविण्याची भाषा व्यासपीठांवरून झाली. सत्तांतर झाले, ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाल्याची घोषणाही झाली. आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने फेरवाटाघाटीनंतर, आधीपेक्षा मोठ्या प्रकल्पाला मान्यता दिली. मे १९९६ मध्ये केंद्रात आलेल्या तेरा दिवसांच्या सरकारलाही या प्रकल्पाची प्रतिहमी मंजूर करण्यास सवड मिळाली. १९९७ मध्ये वेलदूर-अंजनवेल परिसरात विरोध करणाऱ्या ग्रामस्थांवर पोलिसांनी जी कारवाई केली, तिची दखल आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांना घ्यावी लागली. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. २००१ मध्ये महागड्या विजेच्या वादात तो बंदही पडला. त्यानंतर प्रकल्प बंद असताना केंद्रातील वीजमंत्री प्रथम राजापूरचे खासदार सुरेश प्रभू आणि २००२ पासून रत्नागिरीचे खासदार अनंत गीते होते. दोघेही कोकणचे! २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन होऊन प्रकल्पाचे पुनरुज्जीवन सुरू झाले.

या साऱ्या घटनाक्रमात त्या तीरावरील कोळ्याला किंवा या तीरावरील बागाईतदाराला बोलण्याची अधिकृत संधी कितीदा मिळाली? पाच वर्षांतून एकदा. आणि तीही विरोधाची भाषा करणारा पक्ष व करार करणारा पक्ष यांतून एक निवडण्याची. निवडलेल्या पक्षाने दहा महिन्यांत शब्द फिरविला, तेव्हा त्या पक्षाच्या स्थानिक मतदाराला आपल्याच पक्षात उभे राहून ‘पुढच्या खेपेस हा उमेदवार आम्हांला नको, शब्दाला जागणारा दुसरा द्या’ असे मताने सांगण्याचा मार्ग नव्हता. तो प्रकल्प चांगला होता की वाईट, या वादात आम्ही येथे शिरत नाही. प्रकल्पाला अनुकूल असलेल्या ग्रामस्थांनाही, आणि असे ग्रामस्थ होते, हीच अडचण होती.

आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. पहिला असा, की पक्षांतर्गत निवडणुकीने पैसा आणि गटबाजी वाढेल. प्रायमरीत अमेरिकेत अमाप पैसा खर्च होतो हे खरे. मतदान कमी होते आणि जे येतात ते पुष्कळदा टोकाच्या मतांचे असतात, हेही खरे. शिवाय २०२४ मध्येच बायडेन यांनी प्रायमरी जिंकूनही २१ जुलैला माघार घेतली आणि कमला हॅरिस यांना प्रायमरीतील मतदारांना न विचारता उमेदवारी मिळाली. तेव्हा ही रीत निर्दोष आहे, असे म्हणण्याचा भाबडेपणा आमच्याजवळ नाही. परंतु आपल्याकडे उमेदवारी बंद दाराआड ठरते म्हणून पैसा आणि गटबाजी दोन्ही नाहीशी झाली आहेत, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा प्रयोग येथे झाला आणि फसला. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मताने उमेदवार निवडले. महाराष्ट्रात त्यांत वर्धा आणि लातूर होते. वर्ध्यात विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे निवडले गेले, लातुरात दत्तात्रय बनसोडे. दोघेही लोकसभेत पराभूत झाले आणि पुढे तो प्रयोग रुजला नाही. त्या वर्षीची लाट पाहता पराभवाचा दोष निवडपद्धतीवर टाकता येत नाही. मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. मत देणारे होते ते पदाधिकारी आणि ठरावीक प्रवर्गांतील कार्यकर्ते. सामान्य मतदार नव्हे. ज्याच्या घराण्याने संघटना उभी केली, त्याच्याच घराण्याला ती संघटना कौल देणार, यात नवल ते कोणते? दार उघडायचे, पण माजघरातल्या माणसांपुरतेच, अशातला तो प्रकार झाला.

तिसरी अडचण खास आपली आहे आणि तिचे उत्तर अमेरिकेत सापडणार नाही. युती-आघाडीच्या राजकारणात उमेदवार ठरण्यापूर्वी जागाच ठरते. गुहागरची जागा सेनेकडे की भारतीय जनता पक्षाकडे, हा निर्णय मुंबईत झाला की मग गुहागरातील कार्यकर्त्यांची पसंती निरर्थक होते. २०२४ मध्ये गुहागर पुन्हा शिंदे यांच्या सेनेला सुटले, आणि त्यांचा उमेदवार तीन हजारांहूनही कमी मतांनी पडला. तेव्हा मागणी करायची ती एका पक्षाकडे करून भागणार नाही. आघाडीतील सर्व पक्षांच्या नोंदलेल्या सभासदांनी मिळून मतदारसंघाचा संयुक्त उमेदवार निवडावा, अशी करावी लागेल. हे अवघड आहे. पण ज्यांना निकालानंतर एका रात्रीत मंत्रिमंडळ वाटून घेता येते, त्यांना एका तालुक्याची सभा एकत्र घेता येणार नाही, असे आम्ही मानत नाही.

कायद्याचा आधारही पूर्णपणे नवा शोधावयाचा नाही. पक्षांची निवडणूक आयोगाकडे नोंदणी १९८९ पासून कायद्याने होते. विधी आयोगाने १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीची कायदेशीर सक्ती करावी, असे सुचविले होते. आमदाराने सभागृहात पक्षाचा आदेश मोडला तर त्याचे पद घालविणारा कायदा १९८५ पासून आहे. म्हणजे पक्षाला आमदारावर पूर्ण हुकमत देण्यास कायदा तत्पर, आणि पक्षावर मतदाराची हुकमत आणण्याचा विषय निघाला की पक्ष ही खाजगी बाब! वर्गात नागरिकशास्त्र शिकविताना ही विसंगती मुलांना समजावून सांगणे आम्हांला कधीच साधले नाही. मुले तरी निदान प्रश्न विचारीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने ‘यांपैकी कोणीही नाही’ हे बटण मतदाराला मिळाले. ते दाबून निषेध नोंदता येतो, उमेदवार बदलता येत नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. दापोली आणि गुहागर येथील सर्व पक्षांच्या तालुका समित्यांना त्यापूर्वीही काही करता येण्यासारखे आहे. आपल्या सभासदांची यादी गाववार तयार करावी आणि ती कोणालाही पाहता यावी. इच्छुकांनी दाभोळ, वेलदूर, आंजर्ल्यासारख्या लहानमोठ्या गावांत नव्हे, तर निदान आपापल्या मतदारसंघातील प्रत्येक जिल्हा परिषद गटात एकाच व्यासपीठावर यावे आणि मासेमारी, पाणी, रस्ता, प्रकल्प यांवर प्रश्न विचारू द्यावेत. मग गुप्त मतदान घ्यावे आणि त्याचे आकडे ए-बी फॉर्म निघण्यापूर्वी जाहीर करावेत. वरिष्ठांनी त्याविरुद्ध निर्णय घेतला तरी घ्यावा. पण कोणाच्या मताविरुद्ध घेतला, ते सर्वांस दिसावे.

आणि आमचे जे वाचक मूळचे त्या बाजूचे आहेत, ज्यांच्या गावच्या मंडळांच्या बैठका मुंबईत भरतात आणि ज्यांना मतदानाच्या आदल्या रात्री भरलेल्या गाड्यांतून गावी नेले जाते, त्यांच्याकडे आमचे एक मागणे आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मत कोणाला द्यायचे, हा विषय निघण्यापूर्वी उमेदवार कोणी ठरविला, हा प्रश्न पत्रिकेवर घ्यावा, तो लेखी स्वरूपात सर्व पक्षांच्या जिल्हाध्यक्षांकडे पाठवावा आणि उत्तर येईपर्यंत गाडीत चढण्याची घाई करू नये.